तिथी, यात्रा आणि नाटक : नंजनगूडच्या निमित्ताने अभिजात नाटकाच्या उघड्या रंगस्थळाचा विचार

म्हैसूरच्या दक्षिणेस सुमारे २३ किलोमीटरवर, कपिला नदीच्या काठी वसलेल्या नंजनगूडचा उल्लेख मराठी नाट्येतिहासात सहसा आढळत नाही. कन्नडमध्ये ‘नंजु’ म्हणजे विष. विष पचविणाऱ्या शिवाचे, श्रीकंठेश्वराचे, हे स्थान. म्हणून संस्कृत पंडितांनी त्याला ‘गरळपुरी’ हे नाव दिले. रोग हरण करणारा देव म्हणून या दैवताची ख्याती एवढी की टिपू सुलतानाने त्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते. मंदिराचे पूर्वेकडील सात मजली गोपुर १८४५ साली, तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या राणीच्या आश्रयाने उभे राहिले. नदीवरचा जुना पूल त्याहूनही शंभर वर्षे आधीचा, १७३५ चा, दळवाई देवराजाच्या काळातला आहे.

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, येथे ‘दोड्ड जात्रे’ म्हणजे मोठी यात्रा भरते. गणपती, श्रीकंठेश्वर, पार्वती, सुब्रह्मण्य आणि चंडिकेश्वर यांचे पाच रथ एकामागून एक ओढले जातात. सर्वांत मोठा श्रीकंठेश्वराचा, तो ‘गौतम रथ’ या नावाने ओळखला जातो. उन्हाळा नुकताच लागलेला असतो, शेते रिकामी झालेली असतात, पावसाची धास्ती नसते आणि रात्री उघड्यावर बसणे सुखाचे असते. दक्षिणेतील बहुतेक उघड्यावरच्या नाट्यपरंपरा ज्या ऋतूत वाढल्या तो हाच ऋतू होय. कन्नडला अशा नाटकासाठी स्वतंत्र शब्द आहे: ‘बयल’ म्हणजे मोकळे मैदान, त्यावर होणारा खेळ म्हणजे ‘बयलाट’. मराठीत याला तंतोतंत प्रतिशब्द नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

अभिजात नाटकाच्या वार्षिक उत्सवाला जे जे लागते ते नंजनगूडला एकत्र आलेले दिसते. ठरलेली तिथी आहे, हजारोंचा समाज आहे, राजाश्रय आहे, संस्कृत विद्येची परंपरा आहे. असे असूनही या यात्रेच्या विधिक्रमात नाटकाला नेमलेले स्थान नाही. रथ आहेत, पालख्या आहेत, वाद्ये आहेत. शाकुंतल किंवा उत्तररामचरित नाही. हा योगायोग मानून सोडून देता आला असता. परंतु एकोणिसाव्या शतकात म्हैसूरच्या दरबारात संस्कृत नाटकांचे कन्नड अवतार रंगले त्यामागील एक विद्वान गरळपुरीचे नाव धारण करणारा होता; आणि या गावाच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या मठाचा संबंध तंजावरच्या मराठी राजांशी होता. नंजनगूडहून अशा दोन वाटा निघतात: एक म्हैसूरमार्गे सांगली-पुण्याकडे, दुसरी तंजावरकडे. दोन्ही वाटांवर अभिजात नाटकाचे काय झाले हे ताडून पाहिले तर मराठी नाट्येतिहासलेखनाने दुर्लक्षिलेला एक प्रश्न समोर येतो. नाटक टिकते ते संहितेच्या बळावर की तिथीच्या?

संस्कृत नाटकांच्या प्रस्तावना या दृष्टीने पुन्हा वाचल्या पाहिजेत. काव्यशास्त्राच्या अभ्यासकांनी प्रस्तावनेचे प्रकार मोजले, सूत्रधार आणि नटी यांच्या संवादाची रचना तपासली. प्रस्तावनेत नोंदलेला प्रसंग मात्र बहुधा औपचारिक मानला गेला. भवभूतीची तिन्ही नाटके कालप्रियनाथाच्या यात्रेत सादर होत असल्याचे त्यांच्या प्रस्तावना सांगतात. हर्षाची रत्नावली वसंतोत्सवातली. कालिदासाचे मालविकाग्निमित्रही वसंतोत्सवातलेच. म्हणजे ज्यांना आज आपण ‘अभिजात’ म्हणतो त्या नाटकांपैकी अनेक नाटके स्वतःची ओळख करून देताना कवीच्या नावासोबत उत्सवाचेही नाव सांगतात.

भवभूतीचा कालप्रियनाथ कोणता, हा वाद मराठी विद्वत्तेला जवळचा आहे. परंपरेने तो उज्जयिनीचा महाकाल मानला जाई. वासुदेव विष्णु मिराशी यांनी यमुनाकाठच्या काल्पी येथील सूर्यमंदिराशी त्याची सांगड घातली, तर भवभूतीचे पद्मपुर विदर्भात, आमगावजवळच्या पद्मपुरात शोधले. मिराशींच्या युक्तिवादात राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याच्या खंबायत ताम्रपटाला, शक ८५२ म्हणजे इ. स. ९३० च्या दानपत्राला, महत्त्वाचे स्थान आहे. तिसऱ्या इंद्राच्या उत्तरेकडील स्वारीचे वर्णन करताना त्यात म्हटले आहे की त्याच्या मत्त हत्तींच्या दातांच्या आघातांनी कालप्रियाचे प्रांगण ओबडधोबड झाले. इतिहासकारांना या उल्लेखातून स्वारीचा मार्ग मिळाला. नाट्याभ्यासकाने त्यातील ‘प्रांगण’ हा शब्द उचलावा. हत्तींची फौज थांबू शकेल एवढे विस्तीर्ण अंगण देवळापुढे होते. भवभूतीची नाटके त्याच अंगणात झाली असे यावरून सिद्ध होत नाही. पण यात्रेतला प्रयोग म्हणजे केवढ्या समाजापुढचा प्रयोग, याची कल्पना येण्यास तेवढे पुरेसे आहे.

शाकुंतलाची प्रस्तावना यात्रेचे नाव घेत नाही. ती ऋतूचे नाव घेते. सूत्रधार नटीला नुकत्याच सुरू झालेल्या ग्रीष्मावर गीत गायला सांगतो. पाण्यात डुंबणे सुखाचे, पाटलाच्या फुलांवरून येणारा वारा सुगंधी, सावलीत झोप सहज येणारी आणि दिवसाचा शेवट रम्य, असे त्या ऋतूचे वर्णन आहे. नटी शिरीषाच्या फुलांचे गीत गाते आणि प्रेक्षागृह चित्रासारखे स्तब्ध होते. हा ग्रीष्म पुढे नाटकात पसरतो. पहिल्या अंकात झाडांना पाणी घालणाऱ्या मुली आणि श्रमाने आलेला घाम, तिसऱ्या अंकात वाळ्याचा लेप आणि कमळाची पाने, शकुंतलेचा ताप उन्हाचा की मदनाचा याविषयीचा संदेह. उन्हाळी संध्याकाळी हे नाटक पाहणाऱ्याला तिसऱ्या अंकातील तो संदेह अंगावर जाणवत असणार. हिवाळ्यात पाहणाऱ्याला तो कल्पनेने भरून काढावा लागतो. कालिदासाने ऋतूची निवड केवळ वर्णनाच्या हौसेने केली असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो खुद्द भरताकडून येतो. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायातील आदर्श नाट्यमंडप पर्वताच्या गुहेसारखा, लहान गवाक्षांचा, वारा न शिरणारा आहे. आवाज गंभीर उमटावा हा त्यामागचा हेतू. अभिजात नाटक हे बंदिस्त गृहातले नाटक, असा निष्कर्ष यावरून काढला जातो. परंतु पहिला अध्याय त्याआधी येतो. तेथे पहिला प्रयोग इंद्राच्या ध्वजमहोत्सवात होतो. दैत्यांचा पराभव दाखवला म्हणून विघ्ने चिडतात आणि नटांची वाणी, हालचाल, स्मृती गोठवून टाकतात. इंद्र ध्वजदंड उचलून त्यांना झोडपतो, तोच जर्जर होय. आणि त्यानंतर ब्रह्मा विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधायला सांगतो. म्हणजे पुराणकथेच्या क्रमात उत्सव आधी आणि भिंती नंतर, त्याही संरक्षणासाठी. उघड्या समाजापुढे नाटक केले तर दुखावलेले प्रेक्षक अंगावर येतात, हे भरताला पुरते ठाऊक होते. (पुढच्या काळातील नाटकमंडळ्यांनाही ते वेगळे सांगावे लागले नाही.) मंडपाचा पुरस्कार करतानाही नाट्यशास्त्राने उत्सवाची स्मृती पुसलेली नाही, पूर्वरंगात जर्जराची पूजा राहिलीच.

आता पहिली वाट. गरळपुरी शास्त्री हे तिसऱ्या कृष्णराज वडियारांच्या दरबारातील संस्कृत पंडित. त्यांच्या नावातच नंजनगूड आहे. त्यांच्याकडे संस्कृत शिकलेले बसप्पशास्त्री (१८४३–१८९१) यांनी पुढे शाकुंतल, विक्रमोर्वशीय, रत्नावली, उत्तररामचरित, मालतीमाधव आणि चंडकौशिक ही नाटके कन्नडमध्ये आणली. ‘अभिनव कालिदास’ ही पदवी त्यांना मिळाली ती या कामगिरीसाठी. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचे ‘शूरसेनचरिते’ हे रूपांतरही त्यांचेच. १८८१ साली म्हैसूरचे राज्य इंग्रजांनी वडियारांना परत केले आणि त्याच सुमारास दहाव्या चामराजेंद्रांच्या आश्रयाखाली चामराजेंद्र कर्नाटक नाटक सभा उभी राहिली. तिच्यासाठी ही भाषांतरे उपयोगी पडली.

या सभेच्या जन्मामागे सांगलीकर नाटकमंडळींच्या म्हैसूर दौऱ्याचा प्रभाव होता, हे कन्नड रंगभूमीच्या इतिहासात मान्य झालेले आहे. मराठी वाचकाला याचा सहज अभिमान वाटतो. पण सांगलीकडे नाटक आले कोठून? १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळी सांगलीत आली; त्यांचे खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी तशा धर्तीचे, पण सुधारलेले नाटक करण्याची आज्ञा विष्णुदास भाव्यांना दिली आणि १८४३ साली सीतास्वयंवर झाले. किनारपट्टीवरील यक्षगानाचा फेरा त्या कर्नाटकी खेळांच्या मागे होता. तो फेरा आजही ऋतूशी बांधलेला आहे: कार्तिकाच्या सुमारास मेळे बाहेर पडतात आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात, ‘पत्तनाजे’च्या दिवशी, पावसाळ्यापूर्वी पायांतली घुंगरे सोडली जातात. बयलावरचा हा खेळ सांगलीच्या दरबारात आला, तेथे त्याला छत मिळाले, मग तिकीट मिळाले, आणि चाळीस वर्षांनी तो मराठी रूपात पुन्हा कर्नाटकात, म्हैसूरच्या राजवाड्यात पोचला. या प्रदक्षिणेत त्याने पुष्कळ कमावले: रचलेले संवाद, पडदा, गायकी, सुशिक्षित प्रेक्षक. गमावले ते तिथीचे बंधन. त्याला कोणी तोटा मानले नाही. फिरत्या मंडळीला तिथी परवडणारी नव्हती, कारण तिचे पोट महिन्यातल्या प्रत्येक प्रयोगावर अवलंबून होते.

शाकुंतलाच्या बाबतीत हा बदल स्पष्ट दिसतो. परशुरामतात्या गोडबोले यांनी १८५० आणि ६० च्या दशकांत वेणीसंहार, उत्तररामचरित, शाकुंतल, मृच्छकटिक ही नाटके मराठीत आणली, ती मुख्यतः वाचनासाठी. कन्नडमध्ये चुरमुरी यांचे शाकुंतल १८७० च्या सुमारास आले. नंतर अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात, पहिल्या चार अंकांपुरते, रंगले. किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे, कन्नड आणि मराठीच्या सीमेवरचे. जन्मसाल १८४३, म्हणजे बसप्पशास्त्र्यांचे आणि सीतास्वयंवराचेही. मूळ संहितेतील ग्रीष्म येथे ऑक्टोबरच्या अखेरीस, छताखाली आणि दिव्यांच्या उजेडात उभा राहिला. मराठी संगीत नाटकाचा तो थोर आरंभ आहे, त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण त्या दिवसापासून शाकुंतल हे कोणत्याही ऋतूतले नाटक झाले, आणि कोणत्याही ऋतूतले झाले म्हणूनच ते गावोगाव जाऊ शकले.

म्हैसूरला जे घडले त्याची तऱ्हा थोडी वेगळी. तेथे फिरत्या मंडळीची सक्ती नव्हती. राजा आश्रयदाता होता, कवी पदरी होता, नंजनगूडची यात्रा राजघराण्याच्या भक्तीची होती. तरीही नाटक यात्रेकडे गेले नाही. याचे एक कारण असे दिसते की म्हैसूरच्या राजवैभवाचे केंद्र दसरा हे होते. दरबार, मिरवणूक, संगीत, कुस्ती, सारे काही आश्विनात एकवटलेले. चैत्रातील नंजनगूड हे राजाने दर्शनाला जाण्याचे ठिकाण राहिले. विद्वानांनी आपले काव्य प्रकट करण्याचे ठिकाण राजवाडा झाले. दुसरे कारण अभिरुचीचे असावे. इंग्रजी शिक्षण घेतलेल्या नव्या राजवटीला ‘सभ्य’ नाटक हवे होते आणि बयलाट हा खेड्याचा खेळ ठरला होता. संस्कृत नाटक बयलावर नेणे म्हणजे त्याला खाली उतरविणे, असा समज त्या काळी मराठी मुलखातही होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ए. व्ही. वरदाचार यांनी म्हैसूरकडे आपल्या मंडळीला ‘रत्नावली’चे नाव दिले. वसंतोत्सवातल्या नाटकाचे नाव अशा रीतीने व्यावसायिक मंडळीच्या पाटीवर चढले, वसंताशी संबंध न ठेवता.

दुसरी वाट तंजावरची. आज मंत्रालयाशी जोडला गेलेला राघवेंद्र स्वामींचा मठ पूर्वी दीर्घकाळ ‘नंजनगूड मठ’ म्हणून ओळखला जाई. त्याआधी या पीठाचे वास्तव्य कावेरीकाठी कुंभकोणम येथे होते. राघवेंद्रांचे गुरू सुधींद्रतीर्थ (निधन १६२३) हे स्वतः अलंकारशास्त्रज्ञ आणि ‘सुभद्रापरिणय’ या संस्कृत नाटकाचे कर्ते. संन्याशाने सुभद्रेच्या लग्नाचे नाटक लिहावे यात गंमत आहे. कारण भागवतातल्या कथेत अर्जुन संन्याशाच्याच वेषात द्वारकेत राहतो. त्याच कथेत सुभद्रा देवयात्रेसाठी रथातून बाहेर पडते आणि तेव्हाच तिचे हरण होते. म्हणजे कथानकाच्या ऐन गाठीला यात्रा आहे. किर्लोस्करांनी १८८२ साली हाच विषय सौभद्रात घेतला. मराठी प्रेक्षकाला त्यातला खोटा संन्यासी पाठ आहे. यात्रा फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही.

याच पीठावरील सुमतींद्रतीर्थांना तंजावरचे शहाजी राजे (कारकीर्द १६८४–१७१२) यांचा आश्रय होता आणि त्यांच्या गौरवार्थ सुमतींद्रांनी ‘शाहविलास’ हा संगीतविषयक ग्रंथ रचला. एकोजींचे हे पुत्र स्वतः नाटककार होते. तेलुगु, मराठी, संस्कृत अशा अनेक भाषांत त्यांच्या नावे रचना आहेत. पाच भाषांतील पात्रे एकत्र आणणारे ‘पंचभाषाविलास’ हे त्यांचेच. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांच्या नावावरील मराठी नाटक सतराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे सीतास्वयंवराच्या दीडशे वर्षे आधीचे. पुढे प्रतापसिंह (१७३९–१७६३) यांनीही मराठी नाटके लिहिली. दुसरे सरफोजी (१७९८–१८३२) यांनी ‘देवेंद्र कुरवंजी’त भूगोल सांगितला. या नाटकांची हस्तलिखिते सरस्वती महाल ग्रंथालयात जपली गेली, विसाव्या शतकात त्यांतील काही छापलीही गेली. मराठी नाटकाचा आरंभ कोठे मानावा, हा वाद त्यांच्यामुळे उभा राहिला आणि तो बराचसा सनावळीपुरता राहिला. तंजावरला आधी की सांगलीला आधी, एवढाच प्रश्न विचारला गेला. तंजावरची मराठी नाटके ग्रंथालयात का थांबली, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता.

त्याचे उत्तर तंजावरहून जवळच असलेल्या मेलटूर या गावी मिळते. नायक राजवटीतील अच्युतप्पांनी ब्राह्मण कुटुंबांना दिलेल्या अग्रहारांपैकी हे एक. मराठी अमलात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमारास, येथील वेंकटराम शास्त्री यांनी भागवत मेळ्यासाठी तेलुगु नृत्यनाटके रचली: प्रह्लादचरित्र, हरिश्चंद्र, मार्कंडेय, उषापरिणय, रुक्मांगद आणि आणखी काही. दर वर्षी वैशाखात, नरसिंह जयंतीपासून, वरदराज पेरुमाळांच्या देवळापुढच्या रस्त्यावर मांडव घालून ती केली जातात. वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या रात्री प्रह्लादचरित्र. सर्व पात्रे पुरुषांची. देव गाभाऱ्यातून समोरच पाहत असतो. प्रेक्षक त्याच्या आणि नटांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंना बसतात. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. नरसिंहाचा मुखवटा एरवी देवळात असतो आणि त्याची पूजा होते. तो धारण करणारा नट त्या दिवशी उपवास करतो. शेवटच्या प्रवेशात स्तंभातून प्रकट झालेल्या नरसिंहाला हिरण्यकशिपूवर झेप घेताना माणसांना प्रत्यक्ष धरून आवरावे लागते, कारण अंगात आलेले असते. तेथे अभिनय संपतो आणि विधी सुरू होतो, की उलट, हे ठरवणे अवघड आहे.

प्रह्लादचरित्राला वर्षात एक रात्र मिळते, ती नरसिंहाच्या जन्माची. कथेतला नरसिंह संधिकाळी प्रकट होतो आणि उत्सवातला उजाडण्यापूर्वी. उन्हाळ्याची रात्र लहान असते. प्रयोगाची लांबी त्या रात्रीने ठरवून दिली आहे. अशा नाटकाला प्रेक्षक जमवावा लागत नाही, तो तिथीमुळे जमतो. विसाव्या शतकात ही परंपरा मोडकळीस आली तेव्हा ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्या रसिकांनी ती सावरायला मदत केली. सावरताना तिला उचलून मद्रासच्या सभागृहात नेण्याऐवजी रसिकांना मेलटूरला आणणे अधिक फलदायी ठरले. नंतर गावात दोन मंडळे झाली आणि दोघेही त्याच मोसमात आपापला उत्सव करू लागले. या फुटीबद्दल हळहळ व्यक्त केली जाते. परंतु ज्या परंपरेसाठी गाव भांडते ती मेलेली नाही, एवढे तरी त्यातून कळते.

तंजावरच्या राजांची मराठी नाटके आणि मेलटूरच्या शास्त्र्यांची तेलुगु नाटके एकाच राजवटीच्या छायेत वाढली. रूपातही साम्य पुष्कळ: दरू, पात्रप्रवेशाची गीते, गद्यपद्याची सरमिसळ. राजांच्या नाटकांना ग्रंथालय मिळाले, शास्त्र्यांच्या नाटकांना वैशाखातली रात्र मिळाली. १८५५ साली तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर दरबार संपला आणि दरबारी नाटकांचा प्रसंगही संपला. नरसिंह जयंती येतच राहिली. सरफोजींना नायक करणारी तमिळ ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ बृहदीश्वराच्या वार्षिक उत्सवात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत होत राहिली, हे उदाहरणही याच बाजूचे. मराठी राजाचे नाव दर वर्षी उघड्यावर गायले गेले ते मराठीत नव्हे, कारण मराठीतल्या नाटकांना देवळाच्या पंचांगात जागा नव्हती.

यावर सहज सुचणारे उत्तर असे की तंजावरला मराठी बोलणारेच उरले नाहीत, मग नाटके कोण करणार? हे उत्तर अपुरे आहे. तमिळ मुलखात तेलुगुही परकीच. मेलटूरच्या प्रेक्षकांपैकी बहुतेकांची भाषा तमिळ आहे आणि शतकानुशतके ते तेलुगु नाटक पाहत आले आहेत. मात्र तिथी एकटी पुरते असेही म्हणता येणार नाही. मेलटूरला जमीन मिळालेली कुटुंबे होती, ती गावात राहत होती, भूमिका बापाकडून मुलाकडे जात होती. तंजावरच्या मराठी कुटुंबांचे जीवन राजवाडा, लष्कर आणि कारभार यांच्याभोवतीचे. नाटक ही त्यांची सेवा नव्हती, राजाची आवड होती. केरळच्या कूडियाट्टमशी ताडून पाहिले तर हे अधिक उघड होते. ते देवळाच्या कूत्तंबलात, छताखाली होते. म्हणजे उघडे आकाश ही अनिवार्य अट नाही. परंतु तेथेही चाक्यारांचे वंशपरंपरागत हक्क आणि ठरलेले दिवस आहेत. भासाची म्हणून ओळखली जाणारी नाटके गणपतिशास्त्र्यांनी १९१२ पासून प्रसिद्ध केली तेव्हा विद्वज्जगताला ती हरवलेली वाटत होती. त्यांतील अंक चाक्यार मात्र करीतच होते.

मराठीत याची उलट बाजू कोकणात दिसते. सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या उत्तर भागातील दशावतार गावोगावच्या वार्षिक जत्रांशी बांधलेला आहे. कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, त्या वैशाखापर्यंत चालतात. प्रत्येक गावच्या देवळापुढे त्या रात्री दशावतार व्हायचाच. त्याला लिखित संहिता बहुधा नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट जागच्या जागी उभे करतात. तंजावरला संहिता होती आणि तिथी नव्हती, कोकणात तिथी आहे आणि संहिता नाही. यांपैकी कोणती परंपरा जिवंत आहे हे सांगण्याची गरज नाही. तरीही मराठी वाङ्मयेतिहासाने तंजावरला नाटकाच्या प्रकरणात घेतले आणि दशावताराला लोककलेच्या. ही विभागणी नाटकाच्या स्वरूपातून आलेली नसून कागदाच्या उपलब्धतेतून आली आहे. तिने नंजनगूडसारख्या ठिकाणी काय घडू शकले असते, हा प्रश्नच अभ्यासकाच्या कक्षेबाहेर ठेवला.

स्वातंत्र्योत्तर काळात संस्कृत नाटकाला पुन्हा तिथी देण्याचे प्रयत्न झाले. उज्जैनचा अखिल भारतीय कालिदास समारोह १९५८ पासून कार्तिक शुद्ध एकादशीला सुरू होतो. मेघदूतातील यक्षाचा शाप विष्णू शेषशय्येवरून उठतो त्या दिवशी संपतो, हा त्यामागचा आधार. काव्याच्या आतली तिथी पंचांगात आणण्याची ही कल्पना सुंदर आहे, आणि शासनाच्या समारोहात एवढी काव्यदृष्टी क्वचित दिसते. विदर्भात रामटेकशी जोडलेला कालिदास महोत्सवही हिवाळ्याच्या तोंडावरचा. दोन्ही ठिकाणी शाकुंतल झाले तर ते ग्रीष्माबाहेर होते, कारण समारोहाची सोय थंडीत असते: परगावचे पाहुणे येतात, सुट्या असतात, अंगणात बसवते. मेलटूरला मात्र वैशाखात घामाने भिजलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतो.

या चर्चेतून तौलनिक अभ्यासासाठी एक काम पुढे येते. भाषांतरांची तुलना करताना शब्द, वृत्त, पदे, रसहानी यांचा हिशेब आपण मांडतो. त्यासोबत प्रत्येक भाषांतर कोणत्या ऋतूत, कोणत्या प्रसंगी आणि कोणासमोर उभे राहिले याचीही नोंद हवी. बसप्पशास्त्र्यांचे शाकुंतल आणि किर्लोस्करांचे शाकुंतल शेजारी ठेवले तर पदांच्या चालींबद्दल पुष्कळ लिहिता येते. पण दोघांनीही मूळ प्रस्तावनेतील ग्रीष्माचे प्रयोगात काय केले, हा प्रश्न चालींच्या चर्चेत सुटून जातो. तंजावरच्या मराठी नाटकांच्या हस्तलिखितांतही आरंभीच्या भागाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. गणेशाचे आगमन, सूत्रधाराचे निवेदन, राजाची स्तुती या ठराविक मजकुरात उत्सवाचा एखादा उल्लेख असेल तर तो संपादकाच्या दृष्टीने गौण ठरतो. नाट्येतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या पानावरची ती सर्वांत मौल्यवान ओळ असू शकते.

म्हैसूरला १९८९ साली ब. व. कारंत यांच्या नेतृत्वाखाली ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था सुरू झाली. लहानपणी गुब्बी कंपनीत वाढलेल्या कारंतांना फिरत्या मंडळीचे जग आणि बयलाट दोन्ही आतून माहीत होते. ‘वनरंग’ हे झाडांच्या सावलीतले खुले रंगस्थळ संस्थेच्या आवारात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसाठी ‘चिण्णर मेळा’ भरतो आणि ‘ग्रीष्म रंगोत्सव’ या नावाने नाट्यप्रयोगही झाले आहेत. शाकुंतलाच्या सूत्रधाराने नटीला ज्या ऋतूवर गायला सांगितले त्याचे नाव तेथे पुन्हा एकदा नाटकाच्या पाटीवर आले. नंजनगूडचे पाच रथ बहुधा त्याआधीच ओढून झालेले असतात.